रिटायर बॉक्सर "मला सगळ्यात जड हा गेला" म्हणतो ते कितपत धरायचं?

टिळकवाडी_लेफ्टहुक

मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, चा घेऊन बसा. आम्ही चार-पाच जण संध्याकाळी आरपीडी क्रॉसच्या इथं बसतो, सगळ्यांना बॉक्सिंगचं खूळ, आणि सध्या आमचा उद्योग एकच, यूट्यूबवर म्हाताऱ्या बॉक्सरांच्या मुलाखती लावायच्या आणि मग त्यावरून भांडायचं. मुलाखत घेणारा फिरून फिरून तेच विचारतो, तुला सगळ्यात जड कोण गेला. आणि उत्तरं अशी येतात की डोकंच चालत नाही.

लॅरी होम्स म्हणतो टायसनपेक्षा अर्नी शेव्हर्सचा पंच जड होता. होलीफिल्ड टायसनशी लढला, लेनॉक्स लुईसशी लढला, रिडिक बोशी तीनदा लढला, म्हातारा का होईना फोरमनशी पण लढला, आणि सगळ्यात अवघड फाइट कुठली विचारलं तर म्हणतो ड्वाइट मुहम्मद कावी. आमच्यातल्या तिघांनी तर हे नावच पहिल्यांदा ऐकलं. आणि मेवेदरनं तर कहरच केलाय, पॅकियाओ नाही, डे ला होया नाही, म्हणतो इमॅन्युएल ऑगस्टस. त्या माणसाच्या रेकॉर्डवर 34 हार आहेत हो!

आता आमच्यात दोन पार्ट्या पडल्यात. एक म्हणते ज्यानं मार खाल्लाय त्यालाच कळणार, आपण सोफ्यावर बसून कोण अक्कल शिकवणार. दुसरी म्हणते ही म्हातारी माणसं काय पण सांगतात, अर्धं विसरलेत, अर्धं रंगवून सांगतात, त्यापेक्षा फाइट बघावी आणि स्कोअरकार्ड बघावं. मी मधल्या मधे लटकलोय. इथं कोण स्वतः रिंगमध्ये उतरलेलं असेल तर सांगा, टीव्ही बघणारे आमच्याकडं भरपूर आहेत.

सुभेदार_खानापूर

मराठा सेंटरला भरती झालो आणि पुढं युनिटकडून लढलो, लाइट वेल्टर वजनगटात. मोठा कोण न्हाई मी. पण दोरीच्या आत पण उभारलोय आणि बाहेर कॉर्नरला पण उभारलोय, म्हणून बोलतो.

आमच्या कंपनीत एक जण होता, चांगला खेळायचा, त्याला कधी पण विचार तुझी सगळ्यात अवघड फाइट कुठली, की एका गोरखा पोराचं नाव घेणार आणि त्याच्या हातात काय ताकद होती म्हणून दहा मिनिटं सांगणार. आजपण भेटला की तेच. त्या दिवशी कॉर्नरला मी होतो. पोरगं साधं होतं हो, सरळ एक-दोन मारायचं, बाकी काय न्हाई. पण आमच्या गड्यानं वजन उतरवायला आधी दोन स्वेटर घालून पळापळ केलेली, वेट-इनपर्यंत पाणी बंद, थुंकी सुद्धा येत न्हवती तोंडात. दुसऱ्या राउंडनंतर स्टुलावर बसला तवा मी त्याच्या तोंडातला गमशील्ड काढला तर तो कोरडा, ओठाला चिकटलेला, ओढून काढायला लागला. अशा माणसाला कोणाचा पण पंच जडच लागणार की. पण त्याला हे सांगून बघा, पटत न्हाई. त्याच्या दृष्टीनं त्यो गोरखाच जगातला सगळ्यात ताकदवान माणूस.

आता होलीफिल्डचं घ्या. कावीशी पहिली फाइट 1986 च्या जुलैत, अटलांटाला, पंधरा राउंडची. होलीफिल्ड तवा नवीन, प्रोफेशनल होऊन दोन वर्षं पण झाली न्हवती, पंधरा राउंड जन्मात कधी खेळला न्हवता. आणि कावी म्हणजे जेलमध्ये बॉक्सिंग शिकून आलेला, लाइट हेवीचा चॅम्पियन होऊन गेलेला, बुटका, जाडजूड, नुसता पुढं पुढं येणारा. होलीफिल्ड जिंकला, ते पण स्प्लिट डिसिजनवर, म्हणजे तीन जजांपैकी दोघांच्याच मतावर, आणि नंतर थेट हॉस्पिटलला, अंगातलं सगळं पाणी गेलेलं. आता खरी गंमत पुढं हाय. दीड वर्षानं, 1987 च्या डिसेंबरात, त्याच कावीला त्यानं चौथ्या राउंडला आडवा केला.

म्हणजे माणूस तोच. मग जड कोण गेला, कावी गेला का ते पंधरा राउंड गेले? होलीफिल्ड खोटं बोलत न्हाई, त्याला त्या रात्री जे झालं ते तो सांगतोय. पण त्यावरून कावी हा लुईसपेक्षा भारी असं कोण काढत असेल तर ती त्याची चूक, होलीफिल्डची न्हवे.

निपाणी_नऊनंबर

सुभेदार साहेब एक नंबर. मी कधी ग्लोव्ह घातला नाही, पण आकडे आणि तारखा बघायची सवय आहे म्हणून होम्सवर बोलतो.

शेव्हर्सनं होम्सला पाडला तो 28 सप्टेंबर 1979, सातव्या राउंडला. ती क्लिप बघा, असा पडलाय की उठेल असं वाटतच नाही, आणि हा उठला, राउंड काढला आणि अकराव्याला शेव्हर्सची फाइट थांबवली. तेव्हा होम्स 29 वर्षांचा, चॅम्पियन, एकदम फॉर्मात. आणि टायसनशी 22 जानेवारी 1988 ला, वय 38, त्याआधी पावणेदोन वर्षं रिंगमध्ये पाऊल नाही. टायसननं चौथ्या राउंडला तीनदा पाडलं आणि खेळ खलास.

आता विचार करा, ज्या पंचातून तुम्ही उठलाय तो पंच तुम्हाला आठवतो, कारण उठताना तुम्ही होता तिथं. आणि ज्यानं तुमची लाइटच घालवली तो आठवायला तुम्ही शुद्धीवर असायला पाहिजे ना? म्हणजे सगळ्यात जड पंच कोणाचा या प्रश्नात आधीच गडबड आहे, सगळ्यात जड पंच ज्यांनी खाल्ला त्यांच्याकडं सांगायला काही उरतच नाही. उरतात ते दोन नंबरचे पंच.

एवढं असून मी म्हणतो शेव्हर्सबद्दल होम्स बरोबर आहे. कारण तो एकटा नाही. रॉन लाइल हा फोरमनशी पण लढला आणि शेव्हर्सशी पण लढला, 1975-76 मध्ये पाठोपाठ, आणि तो पण म्हणाला शेव्हर्ससारखा कोणी मारला नाही. अली लिस्टनशी लढला, फोरमनशी लढला, फ्रेझरशी तीनदा, आणि 1977 ला शेव्हर्सशी पंधरा राउंड काढल्यावर म्हणाला की एवढ्या जोरात मारलं की आफ्रिकेतल्या माझ्या पाहुण्यांना पण हादरा बसला. अलीची स्टाइल आहे ती, मसाला लावणारच, पण नाव बघा कोणाचं घेतलं. तीन वेगळी माणसं, तिघांनी शेव्हर्स आणि शिवाय एक-एक जगप्रसिद्ध मारणारा स्वतः चाखलेला, आणि तिघं एकाच नावावर. याला मी पुरावा म्हणतो.

फोरमनला विचारलं तर तो कूनी, लाइल आणि क्लीव्हलँड विल्यम्स सांगायचा, शेव्हर्स नाही. लोक लगेच म्हणतात बघा फोरमनचं मत वेगळं. अहो तो शेव्हर्सशी लढलाच नाही, कुठनं सांगणार?

शहापूरचा_वकील

माझा धंदा साक्षीदारांचा आहे त्यामुळे हा धागा बघून हात शिवशिवले. निवृत्त बॉक्सर म्हणजे जखमी साक्षीदार, त्याची साक्ष कोर्ट गांभीर्यानं घेतं, कारण तो तिथं होता हे त्याच्या अंगावरच लिहिलंय. पण तो तिथं होता एवढ्यानं त्यानं सांगितलेला प्रत्येक तपशील बरोबर ठरत नाही. आणि तो हितसंबंधी पण आहे हे विसरू नका. मी तीन गोष्टी बघतो, साक्ष कधी दिली, कोणाच्या फायद्याची आहे, आणि पूर्वीच्या जबाबाशी जुळते का.

फोरमनचंच उदाहरण घ्या. 30 ऑक्टोबर 1974, किन्शासा, अलीनं आठव्या राउंडला पाडलं. त्यानंतर फोरमन काय म्हणत होता? दोऱ्या ढिल्या केल्या होत्या, रेफ्रीनं दहा लवकर मोजले, माझ्या पाण्यात काहीतरी घातलं होतं. हा झाला पहिला जबाब. पुढं दोघं जिवलग झाले आणि तोच फोरमन अलीबद्दल इतकं भरभरून बोलायला लागला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाणी यावं. फाइट एकच, साक्षीदार एकच, जबाब दोन. कुठला खरा? माझं मत विचाराल तर दोन्ही कच्चे आहेत, पहिल्यात राग आहे आणि दुसऱ्यात मैत्री आहे.

जास्त वजन मी कशाला देतो सांगतो. माणूस जेव्हा स्वतःच्या तोट्याचं बोलतो तेव्हा. शुगर रे लेनर्ड आणि टॉमी हर्न्सची दुसरी फाइट, 12 जून 1989, हर्न्सनं त्याला दोनदा पाडलं आणि निकाल दिला ड्रॉ. नंतर लेनर्डनं स्वतः कबूल केलं की ती फाइट हर्न्सनं जिंकली होती. ही साक्ष सोन्यासारखी, कारण हे बोलून त्याला काहीच मिळत नव्हतं, उलट गेलंच. त्याच्या उलट मार्व्हिन हॅगलर बघा. 6 एप्रिल 1987 ला लेनर्डकडून स्प्लिट डिसिजनवर हरला, परत कधी लढला नाही, इटलीला जाऊन राहिला, आणि 2021 ला वारला तोपर्यंत आपण हरलो हे मान्य केलं नाही. त्याला जाऊन लेनर्ड किती भारी होता विचारणं म्हणजे वाटणीच्या दाव्यात धाकट्या भावाला थोरल्याचं चारित्र्य विचारण्यासारखं.

मेवेदरच्या बाबतीत माझा संशय जाहीर करून टाकतो. ऑगस्टसचं नाव घेणं फुकट आहे. त्यानं मेवेदरला हरवलं नाही, त्याच्या नावानं कोणी मेवेदरला खिजवत नाही, रीमॅच मागायला येणार नाही. उलट 20 एप्रिल 2002 ची कॅस्टिलोबरोबरची पहिली फाइट, जी मेवेदर हरला असं म्हणणारे आजपण ढिगानं सापडतील, तिचा विषय काढला की खांदा दुखत होता हे येतंच. दुखतही असेल. पण सगळ्यात टफ म्हणून ज्याचं नाव घ्यायला हवं ते टाळायला दुसरं निरुपद्रवी नाव पुढं करणं ही युक्ती आमच्या कोर्टात रोज बघतो.

एकसंबा_लालमाती

वकील साहेब, मेवेदरवर तुम्ही जरा जास्तच वकिली केलीत, त्यावर शेवटी येतो.

आमच्याकडं बॉक्सिंग नाही, कुस्ती. श्रीपती खंचनाळे आमच्या एकसंब्याचे, 1959 चे पहिले हिंदकेसरी, पंजाबच्या बंता सिंगला हरवून झालेले, कोल्हापूरच्या शाहूपुरी तालमीत घडलेले. त्यामुळं गावात प्रत्येक घरात एक तरी म्हातारा असतोच जो सांगणार मी अमक्याशी लढलो आणि तमक्याला बरोबरीत सोडवलं. लहानपणापासून हेच ऐकत आलोय म्हणून सांगतो, नुसतं विचारलं की तात्या तुम्हाला अवघड कोण गेला, तर नव्वद टक्के वेळा पंजाबचा कोणीतरी येणार. का? पंजाबचं नाव घेतलं की आपली उंची पण आपोआप वाढते. गल्लीतल्या, शेजारच्या गावच्या पैलवानानं घामाघूम केलं हे कोण कशाला सांगेल, तो पैलवान अजून बाजारात भेटतो.

पण एक गोष्ट मी बघितलीय. आमच्या तालमीत एक वयस्कर वस्ताद यायचे, दोन्ही कान मोडलेले, गुडघे गेलेले, बोलायला लागले की गोष्ट दर वेळी वेगळी, कधी कुस्ती वीस मिनिटं चालली, कधी पाऊण तास, कधी हलगीवाला थकून बसला. आम्ही पोरं तोंड लपवून हसायचो. मग एकदा कोणीतरी विचारलं, वस्ताद तो घिस्सा डाव नेमका कुठनं आला? आणि म्हाताऱ्यानं बोलणंच बंद केलं, समोरच्या पोराचं मनगट धरलं, त्याला मातीत बसवलं, स्वतःचा डावा खांदा एवढासा खाली सोडला आणि म्हणाले, इथं, मी हा खांदा सोडला आणि त्याचा हात इथनं आत आला. परत काही महिन्यांनी दुसऱ्यांनी विचारलं, तोच खांदा, तोच हात, बोटभर फरक नाही. वेळ चुकली, वर्ष चुकलं, हलगीवाला तर बिचारा उगाचच थकला, पण खांदा चुकला नाही.

म्हणून माझं म्हणणं, कोण भारी होता हा प्रश्नच विचारू नका, तो देवळाच्या कट्ट्यावरचा प्रश्न आहे. काय झालं ते विचारा. कुठल्या हातानं मारलं, तू कुठं होतास, तुला दिसलं का. अली बघा कसा सांगायचा, एकच नाव नाही, सगळ्यात भीतीदायक लिस्टन, सगळ्यात ताकदवान फोरमन, बॉक्सिंगच्या कलेत पॅटरसन आणि सगळ्यात चिवट फ्रेझर. हे उत्तर मला पटतं कारण यात तुकडे आहेत. द रिंग मासिकात "बेस्ट आय फेस्ड" म्हणून सदर येतं त्यात पण असंच, सगळ्यात चांगला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ पंच, कोणाचा, डिफेन्स कोणाचा, पाय कोणाचे, हनुवटी कोणाची, असं वेगवेगळं विचारतात. त्यात कधी कधी अशी नावं निघतात जी कोणाच्या टॉप टेनमध्ये नसतात.

आणि मेवेदर. ऑगस्टसची फाइट बघितलीय का पूर्ण? ऑक्टोबर 2000, डेट्रॉइट. तो माणूस रिंगमध्ये नाचल्यासारखा हलायचा, पंच कुठनं येणार ते कळायचं नाही. जास्त हार म्हणजे वाईट बॉक्सर असं नसतं, ऐन वेळेला बोलावलं तरी जाणारा, दुसऱ्याच्या गावात लढणारा, त्याला पॉइंटवर कोण जिंकू देणार? मेवेदरनं ते ओळखलं तर त्यात डाव कशाला शोधता.

बेळगाव_डॉक्टरीणबाई

मी खेळाडू नाही, हाडांची पण नाही, मेंदूच्या विभागात काम करते, त्यामुळे कोणीच न काढलेला मुद्दा काढते. ज्या यंत्रानं ही माणसं आठवतायत त्याच यंत्रावर वीस-वीस वर्षं मार बसलाय.

1928 सालीच हॅरिसन मार्टलंड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी बॉक्सरांच्या या त्रासावर लेख लिहिला होता, पंच ड्रंक हे नाव वैद्यकात तेव्हा रुळलं. जेरी क्वारी, अली आणि फ्रेझर दोघांशी दोन-दोनदा लढलेला, 1999 ला 53 व्या वर्षी गेला आणि शेवटी त्याला स्वतःचं जेवण-कपडे पण जमत नव्हते. सगळ्यांचं असं होतं असं अजिबात नाही, फोरमन सत्तरीतही छान बोलायचा. पण म्हातारपणीची मुलाखत बघताना हे डोक्यात ठेवावं, आणि हसू नये.

धक्का बसला की त्याच्या आधीची-नंतरची काही मिनिटं मेंदूत नोंदलीच जात नाहीत, हे अपघातातल्या पेशंटमध्ये आम्ही कायम बघतो. मग माणूस ती जागा कशानं भरतो? व्हिडिओ बघून, दुसऱ्यांनी सांगितलेलं ऐकून, स्वतःच आधी सांगितलेलं परत सांगून. आणि त्याला मनापासून वाटतं की हे मला आठवतंय. यात खोटेपणा शून्य आहे. एक वेळची गोष्ट शंभर वेळा सांगितली की आठवते ती गोष्ट नाही, शेवटचं सांगणं.

दुसरं, रेडेलमायर आणि कानमन या संशोधकांनी 1996 मध्ये कोलोनोस्कोपीच्या पेशंटवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. त्रास किती वेळ झाला हे लोक धरतच नाहीत, सगळ्यात जास्त दुखलं तो क्षण आणि शेवट कसा झाला, या दोनवरच किती त्रास झाला ते ठरवतात. आता एकसंबेकरांनी दिलेली अलीची यादी परत वाचा. त्यात केन नॉर्टन कुठं आहे? नॉर्टनशी अली तीन फाइट मिळून 39 राउंड खेळला, पहिली हरला, 31 मार्च 1973 ला जबडा मोडून घेतला, बाकीच्या दोन कशाबशा जिंकल्या. राउंड मोजून बघितलं तर नॉर्टन फ्रेझरच्या अगदी जवळ येतो. पण नॉर्टनचा त्रास सपाट होता, सगळीकडं सारखा. फ्रेझरशी मनीलाला, 1 ऑक्टोबर 1975, शेवटचे राउंड म्हणजे मरणाच्या दारात, हे अली स्वतः म्हणाला, आणि चौदाव्यानंतर फ्रेझरच्या कोचनं थांबवलं नसतं तर काय झालं असतं कोणास ठाऊक. शिखर पण तिथंच आणि शेवट पण तिथंच. फ्रेझर आठवणारच.

आणि वकील साहेब, तुमच्या कामाचं एक. नॉर्टननं जबडा कुठल्या राउंडला मोडला यावर सुद्धा एकमत नव्हतं. अलीच्या बाजूचे म्हणायचे दुसऱ्या, म्हणजे अली दहा राउंड मोडक्या जबड्यानं लढला. नॉर्टन म्हणायचा शेवटी शेवटी. बघा कोणाची गोष्ट कोणाला सोयीची आहे.

निपाणी_नऊनंबर

डॉक्टर ताई, नॉर्टनचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, जबरदस्त. पण मग आर्ची मूरचं काय करायचं सांगा. मूर 1935 ते 1963 लढला. एझर्ड चार्ल्सकडून तीनदा हरला, मार्सियानोकडून हरला, म्हातारपणी कॅशियस क्ले, म्हणजे पुढचा अली, त्याच्याशी पण लढला. एवढं सगळं असून आपण लढलो त्यातला सगळ्यात चांगला कोण तर त्याचं उत्तर चार्ली बर्ली. बर्लीनं त्याला 1944 ला पॉइंटवर हरवलं होतं. बर्लीला वर्ल्ड टायटलची फाइट कधी मिळालीच नाही, काळा, वर एवढा चांगला की चॅम्पियन लोक लांबूनच नमस्कार करायचे, शेवटी पिट्सबर्गला महापालिकेच्या कचऱ्याच्या गाडीवर नोकरी केली. त्याचं नाव घेऊन मूरला काय मिळणार होतं? ना उंची वाढली, ना कोणाचा काटा काढला. आणि एडी फच, ज्यांनी फ्रेझरला मनीलाला थांबवलं तेच कोच, त्यांनी पण बर्लीलाच मी बघितलेला सगळ्यात परिपूर्ण बॉक्सर म्हटलं. एक मार खाणारा, एक बाहेरून बघणारा, दोघांचं जुळतं. बर्लीच्या फाइटची फिल्म जवळजवळ नाहीच म्हणतात, म्हणजे तुमच्या ग्रुपातली ती फाइट बघा म्हणणारी पार्टी इथं काय करणार? इथं म्हाताऱ्यांच्या तोंडाशिवाय इलाजच नाही.

टिळकवाडी_लेफ्टहुक

बाप रे, मी एक प्रश्न टाकला आणि तुम्ही फडच भरवलात. सुभेदार साहेब, आमच्या ओळखीत एक काका आहेत, फौजेतलेच, ऐंशीच्या आसपास वय, तेव्हा सर्व्हिसेसच्या कॅम्पला असायचे. 1980 च्या जानेवारीत अली दिल्लीला आला आणि आपल्या भारताच्या बॉक्सर कौर सिंगशी प्रदर्शनी फाइट खेळला ती त्यांनी तिथं बसून बघितलीय म्हणतात. त्यांना भेटायला जायचा विचार आहे, मोबाइलवर रेकॉर्ड करावं म्हणतो. कसं विचारू?

सुभेदार_खानापूर

जा की, लगेच जा, ऐंशी म्हणजे उद्यावर टाकायचं वय न्हवे.

कौर सिंगचं आधी सांगतो, ती फाइट प्रदर्शनी, दोघं पण हातचं राखून. त्यावरून अलीचा पंच कसा होता हे कोण सांगत असेल तर कानाआड करा. पण अली रिंगमध्ये आल्यावर पाय कसे टाकत होता, जॅब खांद्यातनं येत होता का कोपरातनं, हे त्या काकांनी बघितलं असेल तर ते विचारा, जुना खेळाडू पायच बघतो.

त्यांच्या स्वतःच्या फाइटचं विचारताना एकटे जावा, पाच जण घेऊन जाऊ नका, पब्लिक बघितलं की म्हातारा माणूस गोष्ट सांगतो. आधी वजन विचारा, कुठल्या गटात खेळला, त्या दिवशी किती उतरवलं होतं. मग फाइट आधीची रात्र. मग कॉर्नरला कोण होतं, त्यानं राउंडच्या मधे काय सांगितलं, ते बहुतेकांना शब्दशः आठवतं, मला पण आठवतं आणि ते इथं लिहिण्यासारखं न्हाई. मग विचारा कुठला पंच दिसला न्हाई. दिसलेला पंच लागत न्हाई एवढा, न दिसलेला लागतो, आणि त्याबद्दल माणूस सहसा खरं बोलतो. नावं शेवटी. बेस्ट कोण ते विचारूच नका, विचारलंच तर चहा संपल्यावर.

आणि एकसंबेकर म्हणतात तसे तुकडे तुकडे विचारा, पण दहा-दहा कॅटेगरी घेऊन बसू नका. पाचव्याला माणूस कंटाळतो आणि पहिलंच नाव सगळीकडं चिकटवतो, त्या मासिकातल्या मुलाखतीत पण हे झालेलं दिसतं बघा, एकाच माणसाचा जॅब पण भारी, पाय पण भारी, डोकं पण भारी.

शहापूरचा_वकील

त्या काकांनी ज्यांचं नाव घेतलं त्यातला कोणी हयात असेल तर त्यालाही गाठा, आणि त्याला काकांनी काय सांगितलं ते आधी सांगू नका. एवढं केलंत तर माझ्यापेक्षा चांगली उलटतपासणी होईल.

एकसंबेकर, ऑगस्टसची फाइट पूर्ण बघितलीय, नवव्या राउंडला त्याच्या कॉर्नरनं टॉवेल टाकला. चांगला खेळला, मान्य. पण तुम्ही कॅस्टिलोची पहिली फाइट आवाज बंद करून बघा, कॉमेंट्री न ऐकता, आणि स्वतः कागदावर राउंड लिहा.

एकसंबा_लालमाती

बघितलीय, लिहिलंय पण. मला कॅस्टिलो दोन पॉइंटनं पुढं आला. तरी पण टफ म्हणजे ज्यानं हरवायला आणलं तो, असं कोणी ठरवलं? कॅस्टिलो काय करणार हे मेवेदरला माहीत होतं, अंगावर येणार, बॉडी मारणार, ढकलणार. ऑगस्टस काय करणार हे ऑगस्टसला तरी माहीत होतं का.

निपाणी_नऊनंबर

दोन पॉइंट? कुठले राउंड कॅस्टिलोला दिलेत ते टाका इथं, मी पण माझा कागद काढतो.